बिनपगारी लेखनिक

पाककृती लिहून देणारी, चित्रे काढून देणारी, बोलून दाखवणारी एआयची साधने आता फुकटात हाताशी आली आहेत. घरच्या घरी व्हिडिओ, पोस्ट आणि जाहिराती तयार करणाऱ्यांनी त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यावे आणि कोणते मुळीच सोपवू नये?

हाताला चव असलेल्या बायकांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. कुणाच्या उकडीच्या मोदकाला मोजून एकवीस कळ्या पडतात, कुणाच्या चकलीचा काटा मोडत नाही, तर कुणाचे कैरीचे लोणचे दुसऱ्या वर्षीही बुरसत नाही. पूर्वी ही कीर्ती आळीपुरती असे. हळदीकुंकवाला आलेल्या चौघी जणी चव घेत आणि जाताना दिवाळीची ऑर्डर सांगून जात. आता तीच कीर्ती व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरून परगावी पोहोचते आणि तिच्या पाठोपाठ चार पैसेही घरात येतात.

अडते ते लिहिण्यापाशी. चकली तळताना जिचा हात एकदाही चुकत नाही, तीच बाई ‘चकलीबद्दल चार ओळी लिहा’ म्हटले की अर्धा तास फोन हातात धरून बसते. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी घरांची अडचण तर दुहेरी असते. बोलणे मराठीत, पण शिक्षण झाले हिंदी, गुजराती, कन्नड नाहीतर इंग्रजीत. मराठी लिहायचे म्हटले की ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते. मग मुलगा किंवा सून मोकळी होईपर्यंत पोस्ट लांबते आणि तोवर सण निघून जातो.

या अडलेल्या जागी एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने नेमकी येऊन बसली आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ओपनएआय’ या अमेरिकन कंपनीने ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले केले. गूगलचे ‘बार्ड’ जुलै २०२३ मध्ये मराठीतही उत्तरे देऊ लागले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचेच नाव ‘जेमिनी’ झाले. २०२५ मध्ये तर भारतात देणग्यांचा पाऊसच पडला. जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना ‘पर्प्लेक्सिटी’ची सशुल्क आवृत्ती वर्षभर फुकट दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने जेमिनीची तशीच योजना १८ महिन्यांसाठी आणली. ४ नोव्हेंबरपासून महिन्याला ३९९ रुपयांचे ‘चॅटजीपीटी गो’ एका वर्षासाठी विनाशुल्क मिळू लागले.

एवढे औदार्य कशासाठी, हा प्रश्न व्यवहारी गृहिणीला पडायलाच हवा. मिठाईवाला पहिला पेढा चाखायला देतो, तो काही धर्मादाय म्हणून नव्हे. कंपन्यांना सवय लावायची असते. आपण जे लिहितो, विचारतो, दुरुस्त करतो, त्यावरून यंत्राला पुढचे शिकवायचे असते. मुदत संपल्यावर पैसे कापले जाऊ नयेत म्हणून नावनोंदणी करतानाच शेवटची तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवावी, विशेषतः कार्डाची किंवा यूपीआयची नोंद आधीच करून घेतली असेल तर. खरे सांगायचे तर रोज एखादी पोस्ट आणि आठवड्याला एक व्हिडिओ एवढ्या कामाला या साधनांच्या साध्या, कायम विनाशुल्क असलेल्या आवृत्त्या सहसा पुरतात.

यंत्राच्या जिभेला चव नाही

हे यंत्र काम कसे करते, ते एकदा समजून घेतले की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. पुस्तके, वर्तमानपत्रे, संकेतस्थळे यांतला अफाट मजकूर त्याला वाचायला दिलेला असतो. त्या वाचनावरून ‘या शब्दानंतर कोणता शब्द येणे स्वाभाविक वाटेल’ याचा अंदाज ते बांधते आणि एकेक शब्द जोडत वाक्य तयार करते. वाक्य सफाईदार होते, कारण सफाईदार वाक्ये त्याने कोट्यवधींनी पाहिलेली असतात. पण ती खरी आहेत की खोटी, हे त्याला आपोआप कळत नाही. ज्याने कधी चूल पेटवली नाही, कधी काही चाखले नाही, अशा माणसाने केवळ वाचून पाककृती सांगावी, तसा हा प्रकार आहे. गंमत म्हणजे ज्या आत्मविश्वासाने ते बरोबर सांगते, त्याच आत्मविश्वासाने चूकही सांगते.

न्यूझीलंडमधल्या ‘पॅकनसेव्ह’ या किराणा दुकानांच्या साखळीने २०२३ मध्ये ग्राहकांसाठी असाच एक फुकट मदतनीस आणला. घरात उरलेले जिन्नस त्याला सांगायचे आणि त्याने त्यांतून पदार्थ सुचवायचा, अशी कल्पना होती. उरलेल्या पोळीचा मलिदा किंवा फोडणीची पोळी करणाऱ्या आपल्या बायकांना ती लगेच पटावी अशी आहे. काही खोडकर ग्राहकांनी मात्र त्याला खाण्याच्या वस्तूंऐवजी पाणी, ब्लीच आणि अमोनिया अशी यादी दिली. मदतनिसाने जराही न अडखळता त्या तिन्हींचे ‘सुगंधी’ पेय सुचवले आणि ते थंड करून द्यायलाही सांगितले! ब्लीच आणि अमोनिया एकत्र केले की विषारी वायू तयार होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ही बातमी जगभर गाजली. थोड्या लोकांनी साधनाचा गैरवापर केला, अशी तक्रार दुकानाने केली. ती खोटी नव्हती. पण पाचवीतली मुलगीसुद्धा ‘हे खायचे नसते’ असे म्हणाली असती, एवढे त्या मदतनिसाला कळले नाही, हेही तितकेच खरे.

पुढच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, गूगलच्या शोधात वर दिसणाऱ्या एआयच्या उत्तराने पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात थोडा गोंद मिसळायला सांगितले. कुणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी थट्टेत लिहिलेली ओळ यंत्राने खरी मानली होती. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या जुन्या अमेरिकन दैनिकाबरोबर आलेल्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी छापली गेली. त्यांतली १० पुस्तके अस्तित्वातच नव्हती. लेखकांची नावे खरी, पुस्तके मात्र यंत्राने रचलेली. एवढ्या मोठ्या दैनिकाच्या पानावर जे होते, ते घरच्या पोस्टमध्ये होणार नाही असे कसे म्हणावे?

आपल्या स्वयंपाकघरातले धोके

ब्लीचचे पेय कुणी करणार नाही. खरा धोका बारीक चुकांचा असतो, कारण त्या चटकन नजरेत येत नाहीत. अळूची भाजी घ्या. अळू खाजतो, म्हणून त्यात चिंच किंवा आमसूल घालतात. लिहिलेल्या कृतीतून ती एक ओळ गळली, तर वाचणाऱ्या नव्या सुनेची भाजी दिसायला उत्तम होईल आणि जेवणारे घसा खाजवत उठतील. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा असतो. कच्च्या राजम्यातल्या द्रव्याने उलट्या-जुलाब होतात आणि मंद आचेवर अर्धवट शिजवला तर त्रास उलट वाढतो. ‘सगळे साहित्य भांड्यात घालून मंद आचेवर ठेवा’ हे वाक्य यंत्राच्या वाचनात हजारदा आलेले असते. ते राजम्याला लावू नये, हे सांगायला स्वयंपाक येणारे माणूस लागते.

सर्वांत जपायचे ते बाळांच्या बाबतीत. ‘बाळासाठी पौष्टिक चाटण’ असे विचारले आणि उत्तरात मध आला, तर ती कृती तशीच पुढे पाठवू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, असे बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान आतड्यांत बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हा मध जुन्या वळणाच्या कित्येक घरांत आजही चाटवतात, म्हणजे यंत्राने वाचलेल्या मजकुरातही तो असणारच. बाळ, गर्भवती, मधुमेही किंवा रक्तदाबाचा रुग्ण यांच्यासाठी काही लिहायचे असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय प्रसिद्ध करू नये. एवढे पथ्य ठेवले तर एआयपासूनची निम्मी भीती जाते.

कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी वापरले गेले, त्याचे एक कारण म्हणजे त्यातली वाटी-चमच्याची मापे. ती मापे हाताने करून पाहिलेल्या बाईची होती. यंत्रही वाटी-चमच्यात उत्तर देते, पण त्या वाटीत कुणी पीठ मोजलेले नसते. म्हणून साधा नियम ठेवावा: जी कृती आपण स्वतः करून, घरच्यांना वाढून पाहिली नाही, ती आपल्या नावाने बाहेर जाता कामा नये.

सांगायचे आपण, लिहायचे त्याने

मग या लेखनिकाचा उपयोग काय? पुष्कळ आहे, फक्त कामाची वाटणी नीट हवी. समजा, सोलापूरच्या एका गृहिणीला शेंगदाण्याची चटणी विकायची आहे. तिने ‘शेंगदाण्याच्या चटणीची जाहिरात लिही’ एवढेच सांगितले, तर साधारण असे काही हाती पडेल: ‘पारंपरिक चवीची अस्सल चटणी आता तुमच्या घरी! पौष्टिक, स्वादिष्ट आणि प्रेमाने बनवलेली. आजच आस्वाद घ्या!’ यात चूक काहीच नाही. पण हीच वाक्ये जवसाच्या, कारळ्याच्या, नाहीतर नारळाच्या चटणीलाही चालतील आणि देशभरातल्या शेकडो जणींना त्याच दिवशी हीच मिळालेली असतील.

त्यापेक्षा तिने फोनवरचे मराठी बोलते टंकलेखन सुरू करावे. गूगलने ही सोय मराठीला २०१७ मध्येच दिली आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. शेजारणीला सांगावे तसे बोलत सुटावे: शेंगदाणे कोणत्या आचेवर भाजते, साले का काढते, लसूण सोललेला घेते की सालासकट, तिखट कोणते, उखळात किती वेळ कुटते, तेल सुटले की चटणीचा रंग कसा बदलतो, कडक भाकरीबरोबर दही घेऊन ती कशी खायची. पाच मिनिटांचे हे बोलणे विस्कळीत असेल, त्यात ‘म्हणजे’ आणि ‘काय म्हणतात ते’ वीसदा येईल. येऊ दे. आता ते सगळे यंत्रापुढे ठेवून सांगावे: ‘हा मजकूर नीट लावून दे. यात नसलेली कोणतीही माहिती घालू नकोस. माझे शब्द बदलू नकोस. आरोग्याचे दावे करू नकोस. सहा-सात वाक्यांत बसव.’ जे हाती येईल ते एकदा मोठ्याने वाचावे. जीभ जिथे अडखळेल, ती ओळ हमखास यंत्राची असते. ती खोडावी.

‘माझे शब्द बदलू नकोस’ हे मुद्दाम सांगावे लागते. मराठी स्वयंपाकात कुटणे वेगळे, वाटणे वेगळे, दळणे वेगळे आणि भरडणे वेगळे. सोलापुरी चटणी कुटायची असते. नुसती मिक्सरमधून फिरवली तर तिला तसे तेल सुटत नाही. यंत्र या चारही क्रियांवर ‘बारीक करा’ असे एकच झाकण ठेवून मोकळे होते. तेच फोडणीचे. फोडणीचा ‘तडका’ होतो, जेवणाचे ‘भोजन’ होते आणि चुरचुरीत, रटरट, खमंग हे शब्द पार नाहीसे होऊन सगळेच ‘स्वादिष्ट’ होते. यंत्राने इंग्रजी आणि हिंदी मराठीच्या कितीतरी पट अधिक वाचले आहे, त्याचा हा परिणाम. व्याकरण बरोबर आणि भाषा परकी, असे त्याचे मराठी पुष्कळदा असते.

आणि गिऱ्हाईक तर त्या भाषेसाठीच येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सत्तरीच्या या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू केले आणि कारल्याच्या भाजीच्या व्हिडिओने लाखो लोकांना खिळवून ठेवले. त्यात ना चकचकीत स्वयंपाकघर होते, ना घोटवलेले निवेदन. गावची आजी जशी बोलते, तशी ती बोलत होती. तेव्हा ही साधने नव्हती. आज असती, तर चित्रफितीखालच्या ओळी, शीर्षक, हिंदी-इंग्रजी भाषांतर अशी नातवाच्या वाट्याची कितीतरी कामे त्यांनी हलकी केली असती. आजीच्या वाट्याचे मात्र कोणतेच काम त्यांना जमले नसते.

भाषांतराचा हा फायदा छोट्या व्यावसायिकांनी जरूर घ्यावा. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ ही योजना जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. मजकूर आणि बोलणे एका भारतीय भाषेतून दुसरीत नेण्याची साधने ती विनाशुल्क देते. बेळगावच्या मराठी बाईला कन्नड गिऱ्हाइकासाठी दोन ओळी लिहायच्या असतील, तर ती यातून कामापुरत्या मिळतात. फक्त ती भाषा येणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला दाखवून मगच पुढे पाठवाव्यात. हिंग, ओवा, बाळंतशोपा असले शब्द भाषांतरात हमखास घसरतात.

चित्र आणि चेहरा

चित्रांच्या बाबतीत मोह जास्त आणि धोकाही जास्त. ‘केळीच्या पानावर वाढलेल्या पुरणपोळ्या’ असे लिहिले की काही सेकंदांत डोळे दिपवणारे चित्र तयार होते. पण ती आपली पुरणपोळी नव्हे. ते चित्र पाहून कुणी पैसे भरले आणि घरी वेगळाच पदार्थ आला, तर ती दिशाभूलच झाली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला माफ करत नाही. त्यापेक्षा खिडकीशेजारच्या उजेडात आपल्याच ताटाचा फोटो काढावा आणि मागचा पसारा पुसणे, उजेड सुधारणे, चौकट घालणे एवढ्यापुरते यंत्र वापरावे. ‘कॅन्व्हा’सारख्या साधनाच्या फुकट आवृत्तीत पोस्टर नीट तयार होते. त्यावरची मराठी अक्षरे मात्र स्वतः टाइप करावीत. एआयने काढलेल्या चित्रात देवनागरी जोडाक्षरे अनेकदा मोडतात आणि ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ या तीन शब्दांत चार चुका निघतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीला आपला फोटो देऊन जुन्या चित्रपटातल्या नायिकेसारखे साडीतले चित्र करून घेण्याची लाट देशभर आली. आया, मावश्या, कॉलेजातल्या मुली, सगळ्यांनी हौस भागवून घेतली. हौसेला कुणाची ना नसावी. पण त्याच सुमारास मिळत्याजुळत्या नावांची बनावट संकेतस्थळे आणि अ‍ॅप निघाली आणि त्यांपासून सावध राहा, असे पोलीस अधिकाऱ्यांना सांगावे लागले. फोटो द्यायचाच तर मूळ कंपनीच्याच अ‍ॅपवर द्यावा. लहान मुलांचे, घरातल्या कागदपत्रांचे, आधार किंवा पासबुकाचे फोटो कुठेही देऊ नयेत. काही संवाद माणसेही तपासतात, तेव्हा गोपनीय माहिती लिहू नका, असे खुद्द गूगलच जेमिनी वापरणाऱ्यांना सांगते. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये आपले संवाद प्रशिक्षणासाठी न वापरू देण्याचे बटण आहे. ते पहिल्याच दिवशी बंद करून टाकावे.

आवाजाचेही तसेच. व्हिडिओमागे एखाद्या नामवंत गायिकेच्या आवाजात यंत्राकडून गाणे गाऊन घेणे आता अवघड राहिलेले नाही, पण ते बेकायदा ठरू शकते. गायक अरिजित सिंह यांचा आवाज त्यांच्या परवानगीशिवाय एआयने वापरण्याला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये गायिका आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असेच संरक्षण दिले. पाककृतीला पार्श्वसंगीत हवेच असेल, तर यूट्यूबच्या स्वतःच्या संग्रहात विनाशुल्क वापरता येणारे संगीत असते.

खऱ्यासारखे दिसणारे पण एआयने घडवलेले दृश्य व्हिडिओत असेल, तर तसे जाहीर करण्याचा नियम यूट्यूबने मार्च २०२४ मध्ये आणला. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून अशा मजकुरावर ठळक खूण असणे बंधनकारक केले. नुसते शुद्धलेखन तपासून घेतले, फोटोचा उजेड वाढवला, तर त्याची काळजी करायला नको.

‘शुगर कमी होते’ हे कुणी लिहिले?

घरगुती उद्योगांना सर्वांत महाग पडू शकेल अशी एक गोष्ट राहिली. जाहिरात लिहायला सांगितली की यंत्र स्वतःहून आरोग्याचे गुणगान सुरू करते. मेथीचे लाडू ‘सांधेदुखी घालवतात’, कारल्याचे लोणचे ‘साखर नियंत्रणात ठेवते’, नाचणीचे सत्त्व ‘हाडांचे सर्व विकार दूर करते’. वाचायला छान वाटते आणि आपल्यालाही थोडेफार पटलेलेच असते. पण अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ प्रमाणे खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेहासारख्या आजारांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करायला तर १९५४ पासूनच्या कायद्याने बंदी आहे. ‘एआयने लिहिले होते’ हे उत्तर कोणताही अधिकारी ऐकून घेणार नाही. जाहिरात ज्याच्या नावाची, जबाबदारीही त्याचीच. शिवाय लाडूवर भरवसा ठेवून कुणा वयस्कर माणसाने गोळी बंद केली, तर ते नुकसान कोणत्याही दंडाने भरून येत नाही.

पोस्टमध्ये जे लिहायलाच हवे ते मात्र यंत्र विसरते: पदार्थात काय काय आहे, निव्वळ वजन किती, कधी तयार केला, किती दिवस टिकेल, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक कोणता. शेंगदाणा असेल तर तो ठळक लिहावा. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते.

यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराचा मालक कोण, असेही पुष्कळ जणी विचारतात. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक ओळ आली: संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. एआय येण्याच्या कितीतरी आधीची ही ओळ या नव्या यंत्रांना कशी लागू करायची, यावर वाद आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने तर माणसाचा पुरेसा हात नसलेल्या एआयच्या कृतीला हक्क मिळणार नाही, अशी भूमिका घेतली आहे. स्वतः सांगितलेली, स्वतः केलेली आणि फक्त नीट लावून घेतलेली कृती असेल, तर हा वाद आपल्या दारापर्यंत येण्याचे कारण नाही.

पैसे कुठून येतात

‘घरबसल्या एआयने व्हिडिओ बनवा, महिन्याला लाख रुपये मिळवा’ अशा जाहिराती रोज फोनवर येतात. त्यांत बहुधा कमाई होते ती शिकवणी वर्गाची फी घेणाऱ्याची. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी वेळा पाहिले जाणे लागते. त्यातच १५ जुलै २०२५ पासून यूट्यूबने एकाच साच्यातून घाऊक काढलेल्या व्हिडिओंना पैसे न देण्याचा आपला नियम अधिक स्पष्ट केला. यंत्राकडून दिवसाला दहा व्हिडिओ काढून घेण्याचा जो मार्ग या वर्गांत शिकवतात, तोच नेमका बंद होत चालला आहे. घरगुती पदार्थ करणाऱ्यांना या आकड्यांची धास्ती बाळगायचे कारण नाही. त्यांच्या व्हिडिओला हजार प्रेक्षक नसले तरी चालते. शंभरांतल्या पंधरांनी फराळ मागवला, तरी दिवाळी साजरी होते.

थोडे नाव झाले की मात्र चोर येतात. ‘आपली आजी’ हे चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले होते आणि काही दिवसांनी परत मिळाले. तेव्हा कुणाला वाटले नव्हते की पाककृतीच्या चॅनेलवरही कुणाचा डोळा असेल. आपल्या खात्याला पासवर्डाखेरीज मोबाइलवर येणाऱ्या क्रमांकाची दुहेरी कडी आजच लावून घ्यावी आणि तो क्रमांक कुणी ‘कंपनीतून बोलतोय’ म्हणून मागितला तरी देऊ नये. खाते उघडायला वापरलेला ईमेल आणि फोन नंबर घरातल्या आणखी एकाला माहीत असावा. बोलून लिहून घेतलेल्या पाककृती नुसत्या फोनमध्ये राहू देऊ नयेत. महिन्यातून एकदा त्या वहीत उतरवाव्यात, नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणून तारीख घालून फायलीत लावाव्यात.